आयतं

बाबांचा घोटा मोडला ओकच्या मुळात अडकून,
आणि एकाच दिवशी दोघं घरी बसली,
बाबा आणि ब्रीना.

अकरा वर्षं मीर्ना नदीकाठच्या रानात
पहाटे चारला, बॅटरी विझवून
(उजेड दिसला तर दुसऱ्यांना जागा कळते),
ती पुढे, हे मागे, खिशात आखूड कुदळ.
नाकासमोर चालणारी माणसं सरळ जातात म्हणे.
ब्रीना नाकासमोरच चालायची,
म्हणून कधी सरळ गेली नाही.

ट्रफल लागलं की ती बसायची.
मातीतल्या त्या काळ्या गोळ्याचे
हॉटेलवाला मोजून देईल ते पैसे बाबांना,
तिला शिळ्या पावाचा एक तुकडा.
सौदा तिला पटलेला होता.
जागा बाबांनी कुणाला सांगितली नाही.
मला नाही. आई गेली, तिलाही नाही.

घरात तिनं आधी चपला खाल्ल्या,
मग दाराची चौकट, मग टीव्हीचा रिमोट.
मी रियेकाहून स्टीलचं भांडं आणलं,
वर हाडाचं चित्र, आत काठोकाठ महागडं खाणं.
ती भांड्यासमोर बसली.
भांड्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं,
ह्यात शोधायचं काय, अशा चेहऱ्यानं.

पुढच्या गुरुवारी आले तर
बाबा फरशीवर, प्लास्टरचा पाय लांब सोडून,
अंड्यांच्या ट्रेमध्ये चीजची साल कोंबत होते.
जुना टॉवेल गुंडाळलेला, प्रत्येक घडीत चार दाणे.
अंगणात सात कुंड्या पालथ्या,
घास एकीखालीच.
पण हात सातही कुंड्यांना लावलेला.
"नाहीतर ती चीज शोधत नाही," म्हणाले,
"माझा हात शोधते. ती लबाडी झाली."

शेजारची ओन्दीना कुंपणावरून बघत होती:
झ्वाने म्हातारचळला,
मुक्या जनावराला जेवणासाठी वणवण करायला लावतो.

वणवण?
तिनं आधी वारा घेतला,
मग कुंड्यांना वळसा, लांबचा, उगाच वाटावा असा.
पाचवीपाशी थांबून नाकातली जुनी हवा
फुर्रकन बाहेर टाकली, नवी घेतली,
परत दुसरीकडे आली.
शेपूट मधेच हलायची थांबली.
आणि बसली.
बाबांनी कुंडी उचलली.
घास नखाएवढा.
तो खाऊन ती दुपारभर अशी झोपली
की झोपेत पाय चालत होते.

आता माझं सांगते.
मी दर गुरुवारी सात डबे आणते.
झाकणावर वार लिहिलेले.
घेवड्याची मानेश्त्रा गाळून, सफरचंद चिरून,
अक्रोड फोडून, गर वेगळा काढून,
तोंडात टाकायचंच बाकी.
फ्रिज उघडला: सोमवार तसाच,
मंगळवार तसाच, बुधवारवर बुरशी.
मी ओरडले. किती वेळ जातो माझा ह्यात,
वगैरे. बरंच वगैरे.
ते खिडकीतून कुंड्या मोजत राहिले.

परतीच्या बसमध्ये
स्टीलच्या भांड्यासमोरचा तो चेहरा
दोनदा आठवला.

ह्या गुरुवारी एकच पिशवी नेली.
घेवडा शेंगांसकट. अक्रोड कवचासकट.
बाबांनी एक अक्रोड हातात फिरवला,
कानाशी हलवून पाहिला.
"ह्याचा चिमटा कुठंय?"
"मला काय माहीत," म्हटलं.

एक खण उघडला, बंद झाला.
दुसरा. काठी टेकत मागची खोली.
कपाटावर हात फिरवून झाला,
आईच्या शिवणाच्या डब्यातही बघून झालं.
शिव्या सुरू झाल्या, जंगलातल्या जुन्या,
ज्या मी लहानपणापासून ऐकल्या नव्हत्या.
मी शेंगा सोलायचं नाटक करत होते.
जागा सांगायची नसते,
ह्याच घरात शिकले.

तेवढ्यात ब्रीना उठली,
माझा उजवा हात हुंगला, नीट, बोटाबोटानं,
आणि पिठाच्या डब्यासमोर जाऊन
बसली.

सात ठिकाणी हात लावायला
मी विसरले होते.
बाबा इतके हसले की काठी पडली.
मग म्हणाले, पाव कुठंय,
आधी तिचं देणं देऊ.